दोन देशांची एक पंगत

प्रस्तावना

घरी पाहुणे जेवायला येणार असले की पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘काय करायचे?’ हा. पाहुणे आपल्याच गावचे असतील तर हा प्रश्न लवकर सुटतो. परंतु यजमान एका देशाचे आणि पाहुणे दुसऱ्या देशाचे असतील, दोघांची भाषाही वेगळी असेल, तर ताटात काय वाढावे याचा विचार नीट करावा लागतो. कारण अशा वेळी बोलण्याचे बरेचसे काम अन्नालाच करावे लागते. प्रस्तुत पाठात स्कॉटलंडमधील एका घरी पोलंडच्या पाहुण्यांसाठी योजलेल्या भोजनाचे कल्पित उदाहरण घेतले आहे. त्यातील पदार्थ, चालीरीती आणि इतिहास मात्र खरा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• पोलंड व स्कॉटलंड यांच्या खाद्यपरंपरांतील साम्य सांगू शकाल;
• या दोन देशांमधील जुन्या संबंधांची माहिती देऊ शकाल;
• एखाद्या भोजनाचे टप्प्याटप्प्याने नियोजन करू शकाल;
• पाहुणचारात पाहुण्याला सहभागी करून घेण्याचे महत्त्व स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१. प्रसंग

एडिनबर्ग ही स्कॉटलंडची राजधानी. तेथील एका तरुणाचा विवाह पोलंडच्या तरुणीशी ठरला आहे. पोलंड २००४ मध्ये युरोपीय संघात सामील झाल्यावर तेथून अनेक तरुण कामासाठी ब्रिटनमध्ये गेले. ही तरुणी त्यांच्यापैकीच एक. तिचे आईवडील क्राकूव्ह शहरातून प्रथमच मुलीच्या सासरी येणार आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही आणि वराकडच्या कोणालाही पोलिश येत नाही. ‘मुलगी परक्या घरी निघाली’ ही रुखरुख त्या आईच्या मनात आहे, आणि ‘पाहुण्यांना आपले घर आवडेल ना?’ ही धाकधूक वराच्या आईच्या मनात आहे.

भोजनाचा दिवस ठरला २९ नोव्हेंबर. त्यामागे कारण आहे. ३० नोव्हेंबर हा संत अँड्र्यू यांचा दिवस. संत अँड्र्यू हे स्कॉटलंडचे आश्रयदाते संत, म्हणून हा त्या देशाचा राष्ट्रीय दिवस मानला जातो. त्याच संताला पोलिश भाषेत ‘आंजेय’ म्हणतात आणि २९ नोव्हेंबरची रात्र पोलंडमध्ये ‘आंजेइकी’ म्हणून साजरी होते. त्या रात्री वितळलेले मेण किल्लीच्या छिद्रातून थंड पाण्यात ओततात आणि गोठलेल्या मेणाच्या आकारावरून भविष्याचा गमतीने अंदाज बांधतात. एकच संत दोन्ही घरांचा, हे ध्यानात येताच तिथी आपोआप ठरली.

२. जुना घरोबा

या दोन देशांचा संबंध आजचा नाही. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत अनेक स्कॉटिश फेरीवाले व व्यापारी पोलंडमध्ये जाऊन स्थायिक झाले. बाल्टिक समुद्राकाठच्या गदान्स्क शहरात ‘स्तारे श्कोती’, म्हणजे ‘जुने स्कॉट’, या नावाची वस्ती त्यांची आठवण देते. पुढे एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खारवलेल्या हेरिंग माशांची पिंपे भरभरून बाल्टिक बंदरांकडे जात असत.

विसाव्या शतकात प्रवासाची दिशा उलटली. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर पोलिश सैन्य ब्रिटनमध्ये आले आणि त्यातील मोठा भाग स्कॉटलंडमध्ये राहिला. फाइफ, अँगस या भागांतील पूर्व किनाऱ्याच्या संरक्षणाचे काम या सैनिकांनी केले. १९४१ ते १९४९ या काळात एडिनबर्ग विद्यापीठात पोलिश वैद्यकीय विद्यालय चालत होते. युद्धानंतर अनेक पोलिश सैनिक मायदेशी परतू शकले नाहीत. काहींनी स्कॉटिश मुलींशी विवाह करून तेथेच संसार थाटले.

चौकट : माहीत आहे का?

निर्वासित पोलिश कुटुंबांना महाराष्ट्राच्या भूमीनेही आसरा दिला होता. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेले हजारो पोलिश नागरिक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इराणमार्गे बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे ५,००० जण, विशेषतः स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिले. छावणी बंद झाल्यावर त्यांतील अनेक जण ब्रिटनमध्ये स्थायिक झाले.

पाठगत प्रश्न १
योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) आंजेइकी ही ______ नोव्हेंबरची रात्र होय. (२५ / २९)
(आ) पोलिश सैन्य ब्रिटनमध्ये आले ते ______ च्या पाडावानंतर. (फ्रान्स / इटली)

३. थंडीने शिकवलेला स्वयंपाक

दोन्ही देश उत्तरेकडचे. उन्हाळा आखूड, हिवाळा लांब. जे धान्य थंडीत व ओलसर हवेत तग धरील तेच पिकवायचे आणि जे पिकेल ते हिवाळाभर टिकवायचे, हा दोन्हीकडच्या स्वयंपाकाचा पाया आहे. म्हणून स्कॉटलंडमध्ये ओट व जव, तर पोलंडमध्ये राय व कुट्टू ही धान्ये घरोघरी आली. बटाटा, कोबी, बीट, सलगम या भाज्या साठवणीच्या म्हणून मान्यता पावल्या. मासे खारवले गेले, धुरावले गेले.

धान्य आंबवण्याची रीतही दोघांकडे आहे. रायचे पीठ पाण्यात आंबवून पोलंडमध्ये ‘झूर’ नावाचे आंबूस सार करतात. ओटाचा कोंडा आंबवून स्कॉटलंडमध्ये पूर्वी ‘सोअन्स’ नावाची पेज करीत. आंबील ज्याने चाखली आहे त्याला या दोन्ही पदार्थांची जात लगेच ओळखता येईल. कापलेल्या जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ द्यायचा नाही, हीदेखील दोघांची शिकवण. मेंढीचे काळीज, यकृत व फुप्फुसे बारीक करून त्यांत ओट, चरबी, कांदा व मसाला घालून शिजवलेले ‘हॅगिस’ हा स्कॉटलंडचा मानाचा पदार्थ होय. पोलंडमध्ये रक्त, यकृत व कुट्टू यांपासून ‘काशांका’ नावाचे सॉसेज करतात.

४. पहिली यादी आणि तिची दुरुस्ती

भोजनासाठी माणसे आठ : वर, वधू, दोघांचे आईवडील, वराची आजी आणि वराची बहीण. वराने उत्साहाने पहिली यादी केली. हॅगिस, काशांका, मांस व आंबवलेला कोबी एकत्र मुरवून केलेले ‘बिगोस’, मांस-बटाट्याचे ‘स्टोव्हीज’ आणि बटाटा-चीज भरलेली ‘प्येरोगी’. दोन्ही देशांना सारखा मान मिळाला होता, प्रत्येकी दोन-तीन पदार्थ मोजून घेतले होते.

वराच्या आजीने यादी वाचली आणि विचारले, “हे सगळे खाऊन उठणार कोण?” तिचा आक्षेप रास्त होता. पाचपैकी चार पदार्थ मांसाचे. सर्व जड, सर्व करड्या-तपकिरी रंगाचे. बटाटा दोनदा आलेला. शिवाय वराची बहीण शाकाहारी. तिच्या वाट्याला केवळ प्येरोगी येणार होती. समान वाटणी झाली होती, पण जेवण तयार झाले नव्हते.

मग यादी पुन्हा लिहिली गेली.

आरंभी : ओटकेक या कुरकुरीत स्कॉटिश चकत्यांवर पोलिश पद्धतीचा, आंबट साय, कांदा व सफरचंद घातलेला हेरिंग मासा, बहिणीसाठी तेच मिश्रण माशाऐवजी उकडलेले बीट घालून.
सार : बीटचे लाल, आंबूस ‘बार्श्च’, मांसाविना.
मुख्य पदार्थ : हॅगिस, त्यासोबत कुस्करलेला बटाटा व कुस्करलेला सलगम, आंबवलेला कोबी व अळंबी भरलेली प्येरोगी, खारवलेली काकडी. शाकाहारी हॅगिस बाजारात मिळते, तेही एक आणायचे.
गोड : भाजलेले ओट, फेटलेली साय, मध व रास्पबेरी यांचे ‘क्रॅनाखन’. त्यात परंपरेने व्हिस्की घालतात. ती न घेणाऱ्यांसाठी वेगळे भांडे.

या यादीत काही गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. हेरिंग ओटकेकवर ठेवला तेव्हा दोन देश एकाच घासात आले. प्येरोगीतील बटाट्याच्या सारणाऐवजी कोबी आला. त्यामुळे बटाट्याची पुनरावृत्ती टळली आणि हॅगिसच्या स्निग्धतेला आंबटपणाचा तोल मिळाला. बार्श्चच्या लाल रंगाने ताट उजळले. रास्पबेरी तर दोन्ही देशांत मुबलक पिकते. नोव्हेंबरात ती गोठवलेली वापरावी लागते, एवढेच.

५. वेळेचे गणित

२२ नोव्हेंबर : बीटच्या फोडी, लसूण व मिठाचे पाणी बरणीत घालून झाकून ठेवणे. आठवड्याभरात ते आंबते. हाच बार्श्चचा आधार.
२७ नोव्हेंबर : ओटकेक भाजून डब्यात भरणे.
२८ नोव्हेंबर : कोबी-अळंबीचे सारण करणे, हेरिंग मिश्रणात मुरत ठेवणे.
२९ नोव्हेंबर, दुपार : ५०० ग्रॅम मैदा कोमट पाण्यात मळून सुमारे ५० प्येरोगी करणे. माणशी सहा पुरतात.
सायंकाळ : विकतचे हॅगिस आधीच शिजवलेले असते. एक किलोचे हॅगिस हलक्या उकळीच्या पाण्यात सुमारे दीड तास ठेवून आतपर्यंत गरम करणे. प्येरोगी वाढण्यापूर्वी उकळत्या पाण्यात सोडणे; वर तरंगल्यावर दोन-तीन मिनिटांत काढणे.
अखेरीस : क्रॅनाखन आयत्या वेळी रचणे. आधी रचल्यास ओट मऊ पडतात.

६. यादीत नसलेला पदार्थ

वेळापत्रक वराच्या आईने स्वच्छ अक्षरात लिहून काढले. ‘दुपार : प्येरोगी’ या ओळीपुढे तिने स्वतःचे नाव घातले होते. वधूने ते वाचले आणि थोड्या संकोचाने म्हणाली, “ही ओळ माझ्या आईसाठी ठेवाल का? ती नुसती बसून राहिली, तर तिला वाटेल की आता इथे तिचे काही काम उरले नाही.”

वराच्या आईने आपले नाव खोडले नाही. त्याच्याशेजारी विहीणबाईंचे नाव लिहिले.

त्या दुपारी दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहिल्या. एक लाटी लाटून गोल कापून देई, दुसरी सारण भरून कडा मिटवी. कडा कशी दुमडायची हे शब्दांनी सांगता येत नव्हते, म्हणून पोलिश आईने दुसरीची बोटे धरून दाखवले. पहिल्या दहा प्येरोगी वाकड्या झाल्या, तेव्हा दोघीही हसल्या. पुढच्या चाळीस सरळ झाल्या.

संध्याकाळी वराकडच्यांनी दारात पाहुण्यांचे स्वागत पाव आणि मीठ देऊन केले. नववधूवरांचे असे स्वागत करण्याची प्रथा पोलंडची आहे. ती यजमानांनी आपणहून शिकून घेतली होती. वधूच्या वडिलांनी पावाचा तुकडा मिठाला लावून तोंडात घातला आणि आपल्या भाषेतील एक म्हण उच्चारली. वधूने तिचा अर्थ सांगितला : घरी पाहुणा आला म्हणजे देव घरी आला.

भोजन उरकल्यावर पाण्यात मेण ओतले गेले. आकार कोणाला जहाजासारखा वाटला, कोणाला पाळण्यासारखा. वधूच्या आईने मात्र तो पाहिला नाही. ती आजीच्या ताटात आग्रहाने आणखी दोन प्येरोगी वाढत होती. त्या वाकड्या दहांपैकी होत्या.

पाठगत प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिली यादी का बदलावी लागली?
(आ) प्येरोगीत बटाट्याऐवजी कोबी घालण्याचा लाभ कोणता?

शब्दार्थ

आश्रयदाते संत – एखाद्या देशाचे वा गावाचे रक्षणकर्ते मानले जाणारे संत
अळंबी – पावसाळ्यात उगवणारी खाद्य बुरशी
रुखरुख – मनाला लागून राहिलेली हुरहुर
विहीणबाई – मुलाच्या वा मुलीच्या सासूसाठी आदराचे संबोधन

आपण काय शिकलो

• पोलंड व स्कॉटलंड यांच्या स्वयंपाकाचा पाया समान हवामानामुळे मिळताजुळता आहे.
• दोन परंपरांचे भोजन म्हणजे पदार्थांची समान वाटणी नव्हे. चव, रंग, पचन आणि प्रत्येकाची गरज यांचा मेळ साधावा लागतो.
• वेळेचे नियोजन शेवटच्या पदार्थापासून मागे मोजत केले म्हणजे सोपे होते.
• पाहुण्याला मान देण्याची एक रीत म्हणजे त्याच्या हाताला काम देणे.

पाठान्त प्रश्न

१. ‘समान वाटणी झाली होती, पण जेवण तयार झाले नव्हते’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
२. वराच्या आईने आपले नाव न खोडता शेजारी दुसरे नाव लिहिले. यातून तिच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसतो?
३. वधूच्या आईने मेणाचा आकार का पाहिला नसावा? आपल्या शब्दांत लिहा.
४. आपण राहता त्या प्रांतातील एक पदार्थ आणि आपल्या घरचा एक पदार्थ एकत्र येतील अशा आठ माणसांच्या भोजनाची यादी व वेळापत्रक तयार करा. कोणते काम पाहुण्याकडे सोपवाल, तेही नमूद करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) २९ (आ) फ्रान्स
२. (अ) यादीतील पदार्थ जड व बहुतांशी मांसाचे होते आणि शाकाहारी व्यक्तीसाठी केवळ एकच पदार्थ होता. (आ) बटाट्याची पुनरावृत्ती टळली आणि हॅगिसच्या स्निग्धतेला आंबटपणाचा तोल मिळाला.