आधी बँक, मग इसार



गोरेगावात किरायाने राहणाऱ्या आपल्या एका ताईने घर पसंत केलं आणि 50 हजार रुपये इसार देऊन टाकला, तोही रोख. बँकेत गेली त्यानंतर. कर्ज नामंजूर झालं, कारण जागा एनए झालेलीच नव्हती. इसार अजून परत मिळाला नाही. म्हणून घर घेण्याचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी बँक काय पाहते ते समजून घेऊ.

1. कमाई : शिलाईचे, दुकानाचे, मजुरीचे पैसे रोख येतात आणि रोखच जातात. बँकेला ते दिसत नाहीत. कमाई खात्यात भरा, किरायाही खात्यातूनच द्या. वर्षभर वेळेवर दिलेला किराया हा तुमच्या शिस्तीचा पुरावा आहे.

2. पत : सिबिल स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. त्याचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. मायक्रोफायनान्सचा चुकलेला हप्ता त्यात दिसतो. ज्याला जामीन राहिलात, त्याची थकबाकीही तुम्हाला आडवी येते.

3. घराचे कागद : सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, लागू असेल तिथे एनए आदेश, विकणाऱ्याचं खरेदीखत. नुसती घरटॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ लिहिलं असेल, तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. कागदांच्या झेरॉक्स आधी बँकेच्या वकिलाला दाखवा.

4. स्वतःचे पैसे : 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते. उरलेली रक्कम, मुद्रांक आणि नोंदणी सहसा आपल्यालाच भरावी लागते. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

आता हिशोब करू. 9 टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली, तर 1 लाखाला महिन्याला सुमारे 900 रुपये हप्ता बसतो. 6 लाखांना 5,400. आज किराया 2,500 असेल, तर उरलेले 2,900 आतापासून दर महिन्याला खात्यात टाकून बघा. वर्षभर जमलं तर हप्ता झेपेल, आणि 34,800 रुपये शिल्लकही पडतील. नाही जमलं, तर कर्ज न घेताच ते कळलं म्हणायचं.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपला हा हिशोब वहीत लिहून आणावा. आणि कुणी इसारासाठी घाई करत असेल तर सरळ सांगा, “कागद दाखवा, मग बोलू.”