पोरगा पुण्याला गेला, प्रोजेक्ट इथेच राहिलं

छत्रपती संभाजीनगरातल्या छोट्या सॉफ्टवेअर कामांचा प्रवास साधारण ठरलेला असतो. इथल्या कॉलेजातून बाहेर पडलेला हुशार पोरगा वर्ष-दोन वर्षं सिडको-कॅनॉटच्या एखाद्या ऑफिसात काम करतो, चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या उद्योजकाला ॲप करून देतो आणि मग पुण्याच्या हिंजवडीची वाट धरतो. ॲप चालू असतं, मालक खूश असतो, त्यामुळे कोडची आठवण कुणाला होत नाही. ती होते गुगलची मुदत डोक्यावर आली की. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा जुन्याचा अपडेट टाकायचा, तर ते किमान अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय लेव्हल ३५ साठी तयार केलेलं असावं लागतं. २०२३ मध्ये ही अट ३३ ची होती, २०२४ मध्ये ३४ ची. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा’ म्हणणाऱ्यांची सोय गुगलने ठेवलेली नाही.

वाळूजच्या एका पुरवठादाराचं असंच एक ॲप आमच्याकडे आलं. माल निघाला का, चलन झालं का, एवढंच दाखवणारं. कोड पेन ड्राइव्हवर होता. ज्या लॅपटॉपवर तो लिहिला तो केव्हाच विकला गेला होता. आमच्या मशीनवर जावा १७ होतं. टर्मिनलवरून बिल्ड चालवला आणि पहिलीच एरर आली: ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’. मालकांचा प्रश्न रास्त होता: “सर, कालपर्यंत चालत होतं, कोडला कुणी हात लावला नाही, मग बिघडलं कसं?”

उत्तर त्या ६१ मध्येच होतं. या आकड्यातून ४४ वजा केले की जावाचं व्हर्जन मिळतं. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१. प्रोजेक्टमध्ये ग्रेडल हे बिल्डचं अवजार ६.५ व्हर्जनचं होतं आणि ग्रेडलला जावा १७ वर चालता येऊ लागलं ते ७.३ पासून. कोडमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. त्याच्या भोवतीची अवजारं पुढे निघून गेली होती.

इथे बहुतेक जण जे करतात तेच सोबतच्या मुलानंही केलं. अँड्रॉइड स्टुडिओनं सुचवलेले सगळे अपडेट त्यानं एका दमात मारले. पहिली एरर गेली आणि तिच्या जागी चार नव्या आल्या. ‘नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड’ आली, कारण अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८.० पासून नेमस्पेस बिल्ड फाइलमध्ये लिहावीच लागते. काही लायब्ररी सापडेनात, कारण त्या जेसेंटर या लायब्ररींच्या भांडारातून येत होत्या आणि जेसेंटर बंद करण्याची घोषणा २०२१ मध्येच झाली होती. कुठली एरर कुठल्या बदलामुळे आली, हे आता कुणालाच सांगता येईना. पेन ड्राइव्हची मूळ प्रत बाजूला काढून ठेवलेली होती, म्हणून मागे फिरता आलं.

मग क्रम बदलला. आधी जुनं प्रोजेक्ट जुन्याच अवजारांवर उभं केलं: जावा ८, ग्रेडल ६.५, प्लगिन ४.१. एकही ओळ सुधारायच्या आधी बिल्ड होतो का, हे पाहायचं. झाला की गिटमध्ये कमिट. मग एकेक टप्पा वर: प्लगिन ७.४ ला ग्रेडल ७.५ आणि जावा ११, प्लगिन ८.० ला ग्रेडल ८.० आणि जावा १७. एपीआय ३५ साठी प्लगिन ८.६ आणि ग्रेडल ८.७. प्रत्येक टप्प्यावर बिल्ड आणि कमिट. वेळ लागला, पण आलेली प्रत्येक एरर आदल्या एकाच बदलाची होती आणि त्यामुळे सुटत गेली.

त्याच मालकांचं वेब पॅनेल वेगळ्या कारणानं अडलं. एरर होती ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड’. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ पासून नोडमध्ये ओपनएसएसएल ३ आहे. वेबपॅक ४ वापरतं ती एमडी४ ही जुनी हॅश पद्धत त्यात सरळ चालत नाही. यावर ‘लेगसी प्रोव्हायडर’चा पर्याय चालू करा, असा तोडगा जिथे तिथे मिळतो. त्यानं बिल्ड होतो, पण प्रश्न पुढे ढकलला जातो. आम्ही एनव्हीएम या नोडची व्हर्जनं बदलणाऱ्या अवजारानं नोड १६ लावून कोड धड असल्याची खात्री केली आणि मग वेबपॅक ५ वर गेलो. नोड १६ वर थांबण्यात अर्थ नव्हता, त्याचा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला आहे.

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आमच्याकडे लॅपटॉप घेऊन येतात, तेव्हाही दुखणी बहुतेक अशीच निघतात. म्हणून सगळ्यांसाठी काही गोष्टी.

एरर आली की आधी ती पूर्ण वाचा. ग्रेडलमध्ये ‘व्हॉट वेंट राँग’ पासून सुरुवात करा, जावाच्या लांबलचक यादीत सगळ्यात खालचा ‘कॉज्ड बाय’ शोधा. सी किंवा सी++ मध्ये उलट, सगळ्यात वरची एरर आधी सोडवा. खालच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातल्या असतात.

कुठलं व्हर्जन चालतंय, हे मशीनलाच विचारा. टर्मिनलवरचा बिल्ड ‘जावा होम’ पाहतो, अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःसोबत आलेलं जावा वापरू शकतो. स्टुडिओत होतं आणि टर्मिनलवर होत नाही, ते बहुधा यामुळे.

विंडोजवर फोल्डरचं नाव मराठीत ठेवू नका. मराठीचा अभिमान असावा, पण प्रोजेक्टच्या पाथमध्ये देवनागरी अक्षर असलं की अँड्रॉइडचं प्लगिन तिथेच अडतं. युजरच्या नावात मोकळी जागा असली तरी काही अवजारं अडखळतात. सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचं छोटं फोल्डर करा आणि काम तिथे ठेवा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ग्रेडल उतरवताना नेट तुटलं, तर अर्धवट झिप फाइल राहते आणि ‘झिप उघडता येत नाही’ अशा अर्थाची एरर येते. युजरच्या ग्रेडल फोल्डरमधलं, रॅपरच्या ‘डिस्ट्स’ खालचं तेवढंच व्हर्जन काढून टाका. पूर्ण कॅश उडवली, तर सगळा डेटा पुन्हा खर्च होतो.

लॉक फाइल कधीही काढून टाकू नका. ‘पॅकेज लॉक’ उडवून बघ, हा सल्ला मित्र सहज देतात. पण लायब्ररीची नेमकी व्हर्जनं तिच्यातच नोंदलेली असतात. दुसऱ्याचं प्रोजेक्ट उभं करताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा, म्हणजे लॉकमध्ये आहे तेच बसतं.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. व्हर्जनची माहिती पोराच्या डोक्यात किंवा त्याच्या लॅपटॉपवर राहिली, तर ती त्याच्याबरोबरच पुण्याला जाते. ती प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच हवी. ग्रेडल रॅपर, नोडची ‘एनव्हीएमआरसी’ फाइल आणि लॉक फाइल गिटमध्ये टाका. सोबत जावाचं व्हर्जन आणि बिल्डची कमांड लिहिलेली रीडमी ठेवा. साइनिंगची की-स्टोअर फाइल मात्र गिटमध्ये टाकू नका. ती आणि तिचा पासवर्ड मालकाच्या हाती वेगळा द्या.

आणि मालकांना सांगणं असं: ॲप फोनवर चाललं म्हणून काम पूर्ण झालं असं समजू नका. दुसऱ्या कोऱ्या मशीनवर, तुमच्यासमोर, रीडमी वाचून बिल्ड करून दाखवायला सांगा. तो झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.