मॉरवेनस्टो : समुद्रकाठचे एक गाव आणि त्याचा पाळक

आपल्या बहुतेक मंडळ्यांत कापणीचा सण दरवर्षी होतो. वेदीपुढे जोंधळ्याची कणसे, भोपळे, नारळ, उसाच्या मोळ्या, एखादी पाय बांधलेली कोंबडी असे अर्पण मांडले जाते आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. शास्त्राधार विचारला तर शब्बाथशाळेतील मुलेदेखील लेवीय 23 वा अध्याय काढून दाखवतील. परंतु मोशेच्या काळचा सण निराळा आणि मंदिरात फळे व धान्य मांडून होणारी ही उपासना निराळी. इंग्रजी मंडळ्यांतून जगभर पसरलेल्या या उपासनेचा आरंभ सामान्यतः ज्या गावाशी जोडला जातो, त्याची ओळख शिक्षकांना असावी म्हणून हा लेख. (अमेरिकेतील उपकारस्तुतीचा दिवस हा वेगळा विषय आहे, वर्गात दोहोंची सरमिसळ करू नये.)

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगणा आहे. त्याच्या अगदी उत्तरेच्या कडेला, डेव्हनच्या सीमेला लागून, मॉरवेनस्टो वसलेले आहे. गाव म्हटले तरी एका जागी घरे दाटलेली नाहीत. शेतांतून विखुरलेल्या वाड्या आहेत. समुद्राच्या बाजूला जमीन एकदम तुटते आणि शेकडो फूट खाली अटलांटिकच्या लाटा काळ्या खडकांवर आदळतात. गावाला बंदर नाही. जवळचे बंदर दक्षिणेला ब्यूड येथे, तेही लहान. पश्चिमेचा वारा सुटला की ब्रिस्टलच्या खाडीकडे निघालेली शिडाची जहाजे या कड्यांकडे ढकलली जात, आणि एकदा खडकांत सापडलेले जहाज क्वचितच सुटे.

गावाचे नाव संत मॉरवेना या प्राचीन केल्टिक स्त्रीवरून पडले. ती वेल्समधील एका राजाची कन्या, अशी परंपरा आहे. मंदिर तिच्या आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने आहे. आतल्या नॉर्मन काळच्या कमानींवर नागमोडी नक्षी कोरलेली आहे. ती नक्षी म्हणजे गालील समुद्रावरील लहरी, असे येथील एक पाळक सांगत. शिल्पशास्त्राचे जाणकार ते मान्य करणार नाहीत, कारण तशी नक्षी त्या काळच्या कित्येक मंदिरांत आहे.

ते पाळक म्हणजे रॉबर्ट स्टीफन हॉकर. जन्म 1803, प्लिमथ. 1834 मध्ये त्यांची येथे नेमणूक झाली, तेव्हा शंभराहून अधिक वर्षे कोणी पाळक गावात राहिला नव्हता. चोरटा व्यापार करणारे, फुटलेली जहाजे लुटणारे आणि निरनिराळ्या रंगांचे विरोधी पंथी, असे आपल्या कळपाचे वर्णन त्यांनी करून ठेवले आहे. यातले विरोधी पंथी म्हणजे मुख्यत्वे मेथडिस्ट. आपल्यातील मेथडिस्ट बंधुभगिनींनी हे हसून सोडून द्यावे. खोटे दिवे दाखवून जहाजे मुद्दाम खडकांवर आणत, ही गोष्ट मुलांना फार आवडते, पण तिला पुरावा जवळजवळ नाही. वाहून आलेला माल पळवणे मात्र सर्रास चाले.

मालाबरोबर प्रेतेही येत. पूर्वी अशी प्रेते किनाऱ्यावरच, कोणत्याही विधीवाचून पुरून टाकण्याची रीत होती. मेलेला मनुष्य ख्रिस्ती होता की नाही हे कोणाला ठाऊक, असे त्याचे कारण देत. 1807 च्या अखेरीस कॉर्नवॉलच्याच दक्षिण किनाऱ्यावर ‘अ‍ॅन्सन’ नावाचे युद्धनौदलाचे जहाज फुटून पुष्कळ लोक बुडाले व त्यांची अशीच वासलात लागली. त्यावरून ओरड झाली आणि 1808 मध्ये कायदा झाला की, किनाऱ्याला लागलेली प्रेते त्या त्या पॅरिशने दफनभूमीत योग्य रीतीने पुरावी. कायदा झाला, पण कड्याखाली उतरून प्रेत वर कोण आणणार? हॉकर स्वतः उतरत. कित्येकदा प्रेत अखंड नसे, खडकांनी तुकडे केलेले असत. दुर्गंधी अशी की मदतीला आलेल्या माणसांना ते जिनचे घोट पाजत. आपल्या मंडळ्यांत ही गोष्ट कोणाला खटकेल. ज्याने असे काम केले असेल त्याला खटकणार नाही. चाळीस वर्षांत त्यांनी चाळीसहून अधिक खलाशांचा दफनविधी केला.

1842 च्या सप्टेंबरात ‘कॅलेडोनिया’ हे स्कॉटलंडमधील अर्ब्रोथचे जहाज येथे फुटले. दहांपैकी एकच खलाशी वाचला. जहाजाच्या नाळेवर एका स्त्रीचा लाकडी पुतळा होता, हातांत तलवार आणि ढाल. हॉकर यांनी तो कप्तान व खलाशी यांच्या कबरीवर उभा केला. दीडशेहून अधिक वर्षे तो उन्हापावसात राहिला. आता मूळ पुतळा मंदिरात आणला असून बाहेर त्याची प्रतिकृती आहे. जवळच, नावेही न कळलेल्या अनेकांच्या कबरीपाशी एक क्रूस आहे. त्यावरील शब्द 2 करिंथ 6:9 मधील आहेत; शिक्षकांनी ते वचन वर्गात वाचून घ्यावे.

‘कॅलेडोनिया’ फुटल्याच्या पुढच्या वर्षी, 1 ऑक्टोबर 1843 या रविवारी, हॉकर यांनी नव्या पिकासाठी उपकारस्तुतीची उपासना ठेवली. 1 ऑगस्टला नव्या गव्हाची भाकर मंदिरात आणण्याची जुनी इंग्रजी चाल मागे पडली होती, ती त्यांनी पिके घरात आल्यानंतरच्या दिवसांत पुन्हा सुरू केली. नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन घ्यावे, हा त्यातील मुख्य विचार होता. आज आपल्याकडे भोपळे व लिलाव राहिले आणि प्रभुभोजन बाजूला पडले, असे काही ठिकाणी झाले आहे. वडीलवर्गाने याचा विचार करावा.

मुंबईशीही या किनाऱ्याचा एक दुःखद संबंध आहे. ऑक्टोबर 1862 मध्ये लिव्हरपूलहून मुंबईला निघालेले ‘बेंकूलेन’ हे मोठे जहाज वादळात सापडून ब्यूडच्या तोंडाशी फुटले आणि त्यावरील बहुतेक लोक बुडाले. ब्यूडच्या लोकांनी त्यांना वाचवण्यासाठी पुरेशी धडपड केली नाही, असे हॉकर यांना वाटले व त्यांनी त्यावर बोचरी कविता लिहिली.

हॉकर यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. जांभळा लांब कोट, आत कोळ्यांची विणलेली बंडी, पायांत समुद्री बूट असा त्यांचा वेष असे. पाळकगृहाची धुराडी त्यांनी परिचित मंदिरांच्या मनोऱ्यांसारखी बांधली. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच बेअरिंग-गूल्ड या पाळकांनी लिहिलेल्या चरित्रामुळे या गोष्टी पसरल्या, आणि त्यांतील बऱ्याच फुगवलेल्या आहेत. कड्यावर वाहून आलेल्या लाकडांची त्यांनी बांधलेली झोपडी मात्र खरीच आहे. तेथे बसून ते समुद्र पाहत व कविता लिहीत. तेथेच अफूही ओढीत, हेही लपवण्याचे कारण नाही. ती झोपडी आज नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातील सर्वांत लहान वास्तू आहे. तिच्या दक्षिणेला कड्यावर उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या सरकारी केंद्राच्या प्रचंड पांढऱ्या थाळ्या आहेत.

15 ऑगस्ट 1875 रोजी प्लिमथ येथे त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशी त्यांनी रोमन कॅथलिक मंडळीत प्रवेश केला, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत मोठे वादळ उठले. आपण त्या वादात न शिरावे हे बरे. त्यांची पहिली पत्नी शार्लट मॉरवेनस्टोच्या मंदिरात विसावली आहे. त्यांची कबर प्लिमथमध्येच आहे.

मोठ्या मुलांच्या वर्गासाठी या धड्याबरोबर मत्तय 27:7 आणि प्रेषितांची कृत्ये 27:39 ते 28:10 हे भाग घ्यावेत. पहिल्यात परक्यांना पुरण्यासाठी शेत कोणत्या पैशांनी विकत घेतले ते मुलांना सांगू द्यावे; दुसऱ्यात मिलिता बेटावरील लोकांनी पावसात व थंडीत सर्वांत आधी काय केले ते त्यांना शोधू द्यावे.