घराचा ठेका देण्यापूर्वी

भाताचे किंवा उसाचे पैसे हाती आले की घराचे काम काढण्याचा विचार सुरू होतो. कोणी नवीन घर बांधतो, कोणी कौले उतरवून स्लॅब टाकतो. ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा : "चौरस फुटाला किती?" परंतु हा चौरस फूट कशाचा मोजणार, हे ठरल्याशिवाय त्या दराला काही अर्थ नाही.

मोजमाप कशाचे?

समजा, घर बाहेरून 20 फूट रुंद व 30 फूट लांब आहे. जोत्याचे क्षेत्र 600 चौरस फूट झाले. पावसापासून भिंती राखण्यासाठी स्लॅब चारी बाजूंनी 2 फूट बाहेर काढला, तर तो 24 बाय 34, म्हणजे 816 चौरस फूट होतो. एक ठेकेदार जोत्यावर 1,500 रुपये दर सांगतो. त्याचे 9,00,000 रुपये होतात. दुसरा 1,200 रुपयेच सांगतो, पण स्लॅबवर मोजतो. त्याचे 9,79,200 रुपये होतात. (हे दर केवळ उदाहरणासाठी आहेत.) दर कमी असूनही घर महाग पडले!

गिलाव्याचेही तसेच आहे. भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघडीची वजावट होत नाही. त्याहून मोठ्या, 3 चौरस मीटरपर्यंतच्या दार-खिडकीची एका बाजूने होते. गावात पुष्कळ ठेकेदार काहीच वजा करीत नाहीत. हे आधी बोलून घ्यावे.

दरात काय काय येते?

ठेकेदार साहित्य, मजुरी, सेंटरिंगचे भाडे, वरखर्च व नफा यांची बेरीज करून दर काढतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरांत वरखर्च व नफा मिळून 15 टक्के धरण्याची रीत आहे. तेव्हा ठेकेदाराने नफा घेणे गैर नव्हे. फारच कमी दर सांगितला, तर कुठे काटणार हे मात्र विचारावे.

ठेका मजुरीचा असेल तर सिमेंट, सळ्या, वाळू, खडी आपण आणायची. साहित्यासह असेल तर सिमेंट कोणते, सळ्या किती जाडीच्या, फरशी किती रुपयांपर्यंतची, हे लिहून घ्यावे. पाण्याची टाकी, संडास, वीज, रंग, कुंपण व मातीची भर ही कामे दरात आहेत की वेगळी, तेही विचारावे.

पाणी मारणे कोणाकडे, हेही ठरवावे. काँक्रीट साध्या सिमेंटला निदान 7 व पोझोलाना सिमेंटला 10 दिवस ओले राहिले पाहिजे. सेंटरिंगचे भाडे दिवसावर चढते, म्हणून टेकू लवकर काढण्याची घाई होते. साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू निदान 7 दिवस व त्याहून मोठा असेल तर 14 दिवस ठेवावेत. पोझोलाना सिमेंटला त्याहून अधिक दिवस द्यावेत.

जुन्या घराची दुरुस्ती

येथे चौरस फुटाचा दर चालत नाही. कौले उतरल्यावर कोणता वासा किडला आहे, कोणती भिंत पोकळ आहे, हे कळते. म्हणून उक्ता ठेका देणारा ठेकेदार न दिसणाऱ्या नुकसानीचे पैसे आधीच दरात धरतो. त्यापेक्षा पाडकाम, लाकूडकाम व गिलावा यांचे दर वेगवेगळे ठरवावेत. आत सापडलेल्या वाढीव कामाचा रोजमजुरीचा दर आधीच लिहावा. जुने लाकूड, चिरे व कौले कोणाची, हेही नमूद करावे. जुन्या भिंतींवर स्लॅब टाकायचा असेल, तर प्रथम अभियंत्यास पाया व भिंती दाखवाव्यात.

पैसे कसे द्यावेत?

उसाचे बिल जसे हप्त्याने येते, तसेच ठेकेदारास द्यावे : जोते, लिंटल, स्लॅब, गिलावा. झालेल्या कामापेक्षा जास्त रक्कम पुढे जाऊ देऊ नये. सगळे पैसे आधी गेले आणि काम अडले, तर पावसाळा उघड्या भिंतींत काढावा लागतो व कर्जाचे व्याज चालूच राहते. थोडी रक्कम पहिला पाऊस होऊन गळती तपासेपर्यंत राखून ठेवावी.

ठेकेदार नात्यातला किंवा ओळखीचा असला तरी दोघांच्या सह्यांचा कागद करावा. त्याने विश्वास कमी होत नाही. उलट घर पुरे झाल्यावर नाते टिकते.