आपण त्या लायकीचे नाही?



रोज रात्री घरात रोझरी म्हणायची, असा निश्चय आपण राखेच्या बुधवारी करतो. आठवडाभर ती होते. मग एखादे लग्न निघते, एखादी लोकल उशिरा येते, दोन दिवस चुकतात आणि रोझरी बंदच पडते. पुढच्या वर्षी आपण निश्चयच करत नाही. ‘जमत नाही, तर देवाला शब्द तरी कशाला द्या?’ पापनिवेदनाचेही तसेच. तोच राग, तीच दारू, शेजाऱ्याची तीच निंदा फादरांना किती वेळा सांगायची, म्हणून कित्येकजण वर्षानुवर्षे पापनिवेदनाला जात नाहीत.

वरवर पाहता ही नम्रता वाटते. अविलाच्या संत तेरेजाने मात्र ही नम्रता खोटी आहे, सैतानाचा डाव आहे, असे स्वानुभवावरून लिहून ठेवले आहे. (ही लिझ्यूची छोटी तेरेजा नव्हे, ही सोळाव्या शतकातील स्पेनची.)

तेरेजा १५३५ साली कार्मेल मठात गेली. पुढे मोठे आजारपण आले, त्यातून ती उठली. मठात पाहुण्यांची सतत ये-जा असे. गप्पागोष्टींत तिचे मन रमू लागले आणि प्रार्थनेला बसताना तिला लाज वाटू लागली. अशा मनाने देवाशी जवळीक कशी करावी? इतर भगिनींप्रमाणे नेमलेल्या प्रार्थना तेवढ्या म्हणाव्यात, असे तिने ठरवले आणि वर्षाहून अधिक काळ मनन-प्रार्थना सोडून दिली. वडिलांना ही प्रार्थना तिनेच शिकवली होती. ते भेटायला आले की ती प्रकृतीचे कारण सांगे, आणि बिचाऱ्यांना तिची कीव येई.

१५४३ साली वडील वारले. त्यांचे पापनिवेदन ऐकणारे डॉमिनिकन धर्मगुरू विसेंते बारोन यांच्यापुढे तेरेजाने आपले मन मोकळे केले. आधी सुधार, मग प्रार्थना कर, असे ते म्हणाले नाहीत. प्रार्थना पुन्हा सुरू कर आणि दर पंधरा दिवसांनी ख्रिस्तप्रसाद घे, असे त्यांनी सांगितले. लगेच काही बदल झाला का? नाही. पुढे कित्येक वर्षे प्रार्थनेच्या वेळी तिचे कान घड्याळाच्या टोल्याकडे असत, तास कधी संपतो म्हणून! पण प्रार्थना तिने पुन्हा सोडली नाही. १५५४ साली जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे ती ढसढसा रडली आणि तिच्या जीवनाला नवे वळण लागले. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

प्रभू येशूच्या दाखल्यातील एक तालांत पुरून ठेवणारा चाकर आठवा (मत्तय २५:१४-३०). काही भाषांतरांत त्याला ‘हजार’ म्हटले आहे, काहींत ‘तालांत’. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टीही केली नाही. आपण घाबरलो, एवढेच तो सांगतो. का घाबरला? धनी कठोर आहे अशी त्याची समजूत होती म्हणून. आम्हाला वाटते, आपल्या भीतीचे मूळही इथेच आहे. आपण स्वतःला कमी लेखतो असे म्हणतो, पण खरे तर देवालाच कमी लेखतो. किती वेळा क्षमा करावी, असे पेत्राने विचारले तेव्हा सात वेळा हा आकडा त्याला फार मोठा वाटला होता. प्रभूने दिलेले उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

याचा अर्थ पाप हलके झाले असा नव्हे. गंभीर पाप असेल, तर ख्रिस्तप्रसादाआधी पापनिवेदन हवेच. पण तिथे ख्रिस्तसभा आपल्याकडून पश्चात्ताप आणि पुन्हा पाप न करण्याचा प्रामाणिक निश्चय मागते. पुन्हा कधीच पडणार नाही अशी हमी ती मागत नाही. हा फरक न कळल्यामुळे किती जण दूर राहिले असतील!

फार वर्षे खंड पडला असेल, प्रार्थनाही आठवत नसेल, तर एवढेच म्हणावे: ‘फादर, पुष्कळ वर्षांनी आलोय, सुरुवात कशी करायची ते विसरलो.’ पुढचे फादर विचारतील.