तलावाच्या तळाशी कोण राहणार?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने माशांवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या प्राध्यापकांना कदाचित हसू येईल. परंतु गेल्या मे महिन्यात बालाघाटला मामांकडे गेलो असता जो हिशेब माझ्या पुढ्यात आला, तो जमाखर्चाच्या वहीत सुरू होऊन थेट चिखलात जाऊन पोचला. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

बालाघाट आज मध्य प्रदेशात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर, भंडारा आणि बालाघाट हे जिल्हे एकाच राज्यात होते, त्यामुळे तिकडे मराठी घरे पुष्कळ. वैनगंगेच्या काठचा हा भाताचा मुलूख. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जेथे भात तेथे तलाव आणि जेथे तलाव तेथे मासा, असा तिकडचा क्रम आहे. मामांनीही आपल्या शेतात एक एकराचे तळे खोदून मासे सोडले होते. पहिल्या वर्षी खर्च झाला ३८,००० रुपये आणि विक्री आली ३१,०००. मामींच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या या ७,००० च्या खड्ड्यामुळे.

"तू बी.कॉम. करतोस ना? मग सांग, पैसा कुठे बुडाला?" मामा म्हणाले. मी वही उघडली. बोटुकली, भाताचा कोंडा, पेंड, चुना, जाळेवाल्यांची मजुरी, सारे नीट लिहिलेले होते. चूक बेरजेत नव्हती. चूक होती मासे निवडण्यात, आणि तीही तळाचे मासे निवडण्यात.

एका तळ्यात तीन मजले

निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र वाढविण्याच्या पद्धतीला मिश्र मत्स्यपालन म्हणतात. तिचे तत्त्व सोपे आहे. तळे म्हणजे तीन मजली घर. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो. रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्नावर राहतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस असते. तो तळाशी कुजलेला पाला व गाळातील सेंद्रिय कण खातो. तिघांची ताटे वेगळी, म्हणून भांडण नाही.

पूर्वी या माशांचे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातीही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे हव्या त्या जातीचे बीज हव्या त्या प्रमाणात घेणे शक्य झाले. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, तशी निवडीची जबाबदारीही आली.

सायप्रिनसचा हिशेब

मामांनी २,००० बोटुकल्यांपैकी १,००० सायप्रिनस सोडले होते. "काहीही खातो, कुठेही वाढतो" असे त्यांना कोणी सांगितले होते. ते खोटे नाही. पण सायप्रिनस अन्नासाठी चिखल उकरतो. दिवाळीपर्यंत पाणी चहासारखे झाले. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. ऊन नाही तर प्लवंग नाही. प्लवंग नाही तर कटला उपाशी. तळाच्या भाडेकरूने वरच्या मजल्याचे ताट रिकामे केले ते असे. शिवाय हा मासा तळ्यातच अंडी घालतो. जाळ्यात तळहाताएवढी पिल्ले ढिगाने आली, त्यांना बाजार नव्हता. आणि नव्या मातीची पाळ आतून पोखरली गेली, ती डागडुजी वेगळीच.

यंदा एका विक्रेत्याने मामांना मागूर सोडण्याचा आग्रह धरला होता. मागूर, मरळ हे मांसाहारी मासे. बोटुकल्यांच्या तळ्यात ते सोडणे म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर ठेवणे. थाई मागुराच्या पालनावर तर आपल्या देशात बंदी आहे. मामांनी ते ऐकले, पण मनातून पटले असे दिसले नाही.

मग मृगळच का?

गावातील एका वृद्ध ढिवर आजोबांना मी हे विचारले. ते म्हणाले, "मृगळ चांगला, पण तो जाळ्याला फसवतो. जाळे आले की खाली चिखलाला चिकटतो." म्हणजे जे तळे कधी रिकामे करता येत नाही, तेथे मृगळ हे अडकून पडलेले भांडवल. मामांचे तळे मात्र एप्रिलमध्ये भाजीच्या वाफ्यांत उपसता येते. पाळ नवी, म्हणून उकरणारा नको. तळे उपसता येते, म्हणून लपणारा चालेल. निवड ठरली. तळे वाळवून तळाला भेगा पडू दिल्या, म्हणजे सायप्रिनसची पिल्लेही उरली नाहीत. मग जुलैअखेर ४:३:३ या प्रमाणात ८०० कटला, ६०० रोहू आणि ६०० मृगळ सोडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तळाचा मासा म्हणजे फुकटचा झाडूवाला नव्हे. माझ्या वर्गमित्राच्या घरी काचेच्या पेटीत समुद्राचे पाणी, प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. वाळू स्वच्छ राहावी म्हणून त्याने वाळू चाळणारा गोबी आणला. पेटी नवी, वाळू कोरी, तिच्यात खायला काही नव्हते. वरून टाकलेले अन्न इतर मासे मधेच टिपत. दोन महिन्यांत गोबी खंगून मेला. तळ्यातही तेच. शेण-पेंड बेताबाहेर टाकली तर तळाशी कुजून प्राणवायू खाते, आणि पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकतात. तळाच्या माशाला अन्न हवे, घाण नव्हे.

दिवाळीत पुन्हा गेलो. पाण्यात हात बुडवून पाहिला. तळवा कोपरापर्यंत हात गेल्यावर दिसेनासा झाला आणि पाण्याला हिरवट झाक होती. हे चांगले लक्षण. चाचणीसाठी ओढजाळे टाकले. कटला गतवर्षी वर्षभरात जेवढा झाला होता तेवढा चारच महिन्यांत झाला होता. मृगळ मात्र अवघे अकरा आले.

"सहाशे टाकले, अकरा आले! बाकीचे कुठे?" मामांचा चेहरा उतरला. मामी काठावर उभ्या होत्या. त्यांनी नकळत रिकाम्या मनगटावरून हात फिरवला. मला काही सुचेना. तेव्हा ढिवर आजोबाच पाण्यात उतरले. पायांनी गाळ ढवळीत चार पावले गेले आणि म्हणाले, "आहेत. पायाला लागतात."

आम्हां बेळगावकरांना एक गंमत ठाऊक आहे. तलावाला कन्नडमध्ये 'केरे' म्हणतात, माशाला 'मीनु'. पण तळाला कन्नडमध्येही 'तळ'च म्हणतात. दोन्ही भाषांत वरचे शब्द वेगळे, तळ एकच. व्यवहाराचेही तसेच असावे. आपण वरवरचे आकडे तपासतो आणि तळाशी कोणाला बसविले आहे ते पाहायचे विसरतो.

एप्रिलमध्ये तळे उपसले जाईल, तेव्हा मी परीक्षेत असेन. ताळेबंद मामा पत्राने कळवणार आहेत. मी त्यांना एवढेच सांगितले आहे की, आकडा नंतर लिहा. पाटल्या सुटल्या की नाही ते आधी लिहा.