मिठातील आयोडीन : दुकानदाराने काय सांभाळावे?

किराणा दुकानात सर्वांत कमी लक्ष कोणत्या मालाकडे दिले जाते, असे विचारले तर उत्तर एकच मिळेल : मीठ. साखरेचे पोते आत आणि मिठाचे पोते ओट्यावर, ही आपली जुनी रीत आहे. मिठात नफा थोडा, चोरीची भीती नाही, आणि मीठ काय खराब होणार, असे आपण म्हणतो. मीठ खराब होत नाही हे खरे आहे. परंतु त्यातील आयोडीन कमी होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील दुकानदार आणि आठवडी बाजार करणारे व्यापारी यांच्यासाठी आम्ही आज हा विषय घेतला आहे.

आयोडीन कशासाठी?

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला आपले काम करण्यासाठी आयोडीन लागते. मोठ्या माणसाची रोजची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या हजाराव्या भागाचाही सातवा हिस्सा. गर्भवती स्त्रीला याहून अधिक लागते. ते मिळाले नाही तर गलगंड होतो. गलगंड निदान दिसतो तरी. त्याहून मोठे नुकसान पोटातील बाळाचे होते. त्याच्या मेंदूची वाढ खुंटते, मूल मंदबुद्धी किंवा मुके-बहिरे जन्मू शकते आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही.

आपल्या देशात याचा मोठा धडा हिमाचलातील कांगडा खोऱ्यात मिळाला. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि गलगंडाचे प्रमाण खूप उतरले. त्यावरून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे या रोगाचा इलाज दवाखान्यापेक्षा किराणा दुकानातून अधिक झाला आहे.

समुद्राच्या मिठात आयोडीन असतेच ना?

गिऱ्हाईक हा प्रश्न नेहमी विचारते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ०.०६ मिलिग्रॅम आयोडीन असते. पण पाणी आटवून मीठ करताना त्यातील फारच थोडे मिठात उतरते. म्हणून कारखान्यात पोटॅशियम आयोडेट वेगळे मिसळावे लागते. खडेमीठ समुद्राचेच असले तरी केवळ तेवढ्यावरून ते आयोडीनयुक्त ठरत नाही.

कायदा काय म्हणतो?

थेट खाण्यासाठी बिगर आयोडीनचे मीठ विकण्यावर बंदी आहे. २००० साली केंद्र सरकारने ही बंदी उठवली होती. मे २००६ पासून ती पुन्हा लागू झाली आणि २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नियमांत ती कायम आहे. दुकानातून विकल्या जाणाऱ्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे. जनावरांसाठी, माल टिकवण्यासाठी, औषधांसाठी व कारखान्यांसाठी साधे मीठ विकता येते, मात्र तसे लेबल हवे.

आता हिशेब करा. १५ भाग म्हणजे एक किलो मिठात १५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या अख्ख्या पोत्यात ७५० मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण ग्रॅम. एवढ्याशा वस्तूवर गिऱ्हाइकाच्या घरातील मुलांची वाढ अवलंबून आहे आणि ती आपल्या गोदामात नाहीशी होऊ शकते.

आयोडीन जाते कसे?

ओल, उष्णता आणि ऊन ही तीन कारणे मुख्य आहेत. मीठ हवेतील ओल ओढून घेते. पोत्याला पाणी सुटले की मिठावर चढवलेले आयोडेट त्या पाण्यात विरघळते, तळाशी उतरते आणि झिरपून बाहेर जाते. वरचे मीठ पांढरेशुभ्र दिसते, पण आयोडीन जमिनीवर सांडलेले असते.

आपल्या जिल्ह्यांत दोन्ही संकटे आहेत. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि जूननंतर पाऊस झोडपतो. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याचे अनेक पावसाळ्यांत घडले आहे. त्यामुळे आतल्या गावांचे दुकानदार उन्हाळ्यातच मीठ भरून ठेवतात. तेच मीठ उन्हात तापते, मग ओलीत भिजते, आणि ज्या कुटुंबांना दुसरे दुकानच नाही त्यांच्या पदरात पडते. पूर्वी या रानात मिठाच्या बदल्यात चारोळी घेण्याचा व्यवहार चाले. मिठासाठी दुकानदारावर विसंबण्याची सवय इतकी जुनी आहे.

काय करावे?

१. खाण्याचे मीठ शक्यतो बंद पुड्यांतलेच घ्यावे. पोते घ्यायचेच तर आतून प्लास्टिक असलेले घ्यावे. तागाचे उघडे पोते टाळावे.

२. थप्पी लाकडी फळ्यांवर लावावी. भिंतीपासून हातभर जागा सोडावी. हमालाला हूक लावू देऊ नये.

३. ओट्यावर, उन्हात किंवा पागोळीखाली पोते ठेवू नये. बाजारात नेताना वर ताडपत्री टाकावी.

४. जुना माल आधी विकावा. पोत्यावर माल आल्याची तारीख लिहावी. पाणी सुटलेले मीठ वाळवून नव्यात मिसळू नये. ते जनावरांसाठी वेगळे काढावे.

५. बकऱ्यांच्या कातड्यांना लावायचे मीठ आणि खाण्याचे मीठ यांची जागा व माप वेगळे ठेवावे. ईदुल अज्हाच्या दिवसांत जाडे मीठ मोठ्या प्रमाणात येते. उरलेली पोती ‘सस्ते मीठ’ म्हणून गल्ल्यासमोर मांडली जाऊ नयेत.

६. गिऱ्हाइकाला सांगावे की घरी बरणीला घट्ट झाकण हवे, बरणी चुलीजवळ नको आणि मीठ स्वयंपाकात शेवटी टाकावे.

तपासणी

मिठावर थेंब टाकून पाहण्याची छोटी तपासणी-बाटली मिळते. आयोडीन असेल तर मीठ निळे-जांभळे होते आणि सोबतच्या पट्टीवरून अंदाज येतो. बटाट्याच्या फोडीवर मीठ व लिंबू टाकण्याच्या प्रयोगावर विसंबू नये. आपल्याकडील साध्या आयोडीनयुक्त मिठात आयोडेट असते आणि त्या प्रयोगात ते रंग देत नाही. त्यामुळे चांगले मीठही खोटे ठरते. पक्का आकडा प्रयोगशाळाच देऊ शकते.

एक खुलासा करतो. आयोडीनसाठी मीठ जास्त खावे, असा याचा अर्थ नाही. रक्तदाबाच्या रोग्याने डॉक्टर सांगतील तेवढेच खावे, पण जे खाईल ते आयोडीनयुक्त असावे.

मापात घट केली तर गिऱ्हाईक तराजू पाहून भांडू शकते. आयोडीनची घट त्याला कळणारही नाही. म्हणून ही जबाबदारी आपलीच आहे. व्यापारी बंधूंनी या आठवड्यात एवढे करावे : गोदामातील मिठाचे सर्वांत खालचे पोते हात लावून पाहावे. तळ ओला लागला तर त्या पोत्यातील मीठ खाण्यासाठी विकू नये आणि उरलेली थप्पी त्याच दिवशी फळ्यांवर घ्यावी.